एसीच्या जाळीत तापमानाचा मीटर

गाडीच्या डॅशबोर्डवर एसीची हवा जिथून येते, त्या जाळीत बाहेरून घेतलेला एखादा मीटर बसवायचा, हा आजचा विषय. टर्बो गाडीवाले तिथे बूस्टचा मीटर लावतात, कुणी ऑइलच्या दाबाचा लावतो, कुणी बॅटरीच्या व्होल्टेजचा. मी आज इंजिनच्या पाण्याचं तापमान दाखवणारा मीटर घेतो आहे. सजावट म्हणून तर सगळेच छान दिसतात, पण आपल्याकडच्या गाड्यांना खरी गरज याची आहे.

गरज का, ते आधी बघू. बऱ्याच छोट्या गाड्यांतून तापमानाचा काटा काढून टाकलाय. त्याच्या जागी एक दिवा असतो. इंजिन गार असताना निळा, फार तापलं की लाल, आणि मधल्या सगळ्या काळात बंद. ज्या गाड्यांत काटा आहे, त्यातही तो पुष्कळदा खरं सांगत नाही. पाणी ८० अंशांवर असो की १०५ वर, काटा मधोमधच राहील अशी सोय कंपनीनेच केलेली असते. काटा जरा हलला की लोक सर्व्हिस सेंटरला गाडी घेऊन येतात, म्हणून ही युक्ती. म्हणजे लाल दिवा लागेपर्यंत तुम्हाला काही कळत नाही, आणि तो लागला की हातात फार थोडा वेळ उरतो. अॅल्युमिनियमचं हेड वाकलं किंवा हेड गॅस्केट उडालं, तर इंजिन उघडावंच लागतं. धामनोदकडून इंदूरला जाताना गणपती घाट मे महिन्याच्या दुपारी, भरलेल्या गाडीत, एसी लावून चढायचा असेल, तर ९६, ९९, १०३ असे आकडे चढताना दिसणं आणि एकदम लाल दिवा दिसणं यात किती फरक आहे, तो तुम्हीच बघा.

आता जाळीच का? कारण ती नजरेच्या टप्प्यात असते, डॅशबोर्ड कापावा लागत नाही, आणि गाडी विकताना जुनी जाळी परत बसवली की काही घडल्याची खूणही राहत नाही. बाजारातले बहुतेक गोल मीटर ५२ मिलिमीटरचे असतात, आणि पुष्कळ गाड्यांच्या गोल जाळीत तेवढा मीटर, भोवती हवेला थोडी जागा ठेवून, बसतो. जाळी चौकोनी असेल तर मीटरसाठी वेगळी खोबण बनवून घ्यावी लागते.

कुठली जाळी निवडायची, हे मात्र नीट ठरवा. आपलं स्टिअरिंग उजवीकडे. उजव्या टोकाची जाळी पहिल्यांदा मनात येते, आणि ती चांगली आहेच. फक्त स्टिअरिंगवर हात ठेवून बसा आणि बघा, हाताआड जाते का. रात्री आणखी एक भानगड होते. त्या कोपऱ्यातल्या मीटरचा उजेड दाराच्या काचेवर पडतो, आणि नेमका तिथे, जिथून आपण उजवा आरसा बघतो. म्हणून हेडलाइट लावले की मंद होणारा मीटरच घ्या. काही गाड्यांत दाराच्या काचेवरची वाफ घालवणारी हवा याच टोकाच्या जाळीतून येते. तसं असेल तर पावसाळ्यात ती जाळी अडवणं म्हणजे आरसा दिसेनासा करून घेणं. अशा गाडीत मधल्या दोन जाळ्यांपैकी चालकाकडची निवडा.

परदेशातून तयार खोबण मागवणाऱ्यांनी एक विचारून घ्यावं: ती डाव्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी आहे का? तशी असेल तर मीटरचं तोंड तुमच्याऐवजी शेजारी बसलेल्याकडे वळलेलं असेल.

हल्ली बरेच जण खोबण थ्रीडी प्रिंट करून घेतात. छान आणि स्वस्त. पण छापणारा सहसा पीएलए वापरतो, आणि पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांपर्यंत सहज जातो. नागपूर, रायपूर, हैदराबाद, कुठेही एका उन्हाळ्यात खोबण वाकडी होऊन मीटर पुढे झुकलेला दिसेल. एबीएस किंवा एएसए सांगा. दोन्ही १०० अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतात, आणि एएसए उन्हाने लवकर पिवळंही पडत नाही.

जाळीबद्दल माझा आग्रह एकच. कापाकापी करायची असेल तर स्पेअर पार्टच्या दुकानातून दुसरी जाळी विकत घ्या आणि ती कापा. गाडीबरोबर आलेली जाळी कागदात गुंडाळून ठेवा. जुन्या गाडीतलं प्लॅस्टिक उन्हाने कडक झालेलं असतं. क्लिपा काढताना तुटतात. स्क्रू ड्रायव्हर घालू नका, प्लॅस्टिकची पट्टी घ्या, जाळीभोवती कागदी टेप लावा आणि घाई करू नका.

जाळीमागे हवेचा डक्ट असतो. मीटरची वायर त्याच्या तोंडातून सरळ मागे नेऊ नये. आतल्या झडपेत अडकू शकते. डक्टच्या बाजूला छोटं भोक पाडून, त्यात रबरी ग्रोमेट बसवून वायर बाहेर काढा आणि उरलेली फट बंद करा, नाहीतर गार हवा डॅशबोर्डच्या पोटात जात राहील. हवेमुळे आणखी एक त्रास होतो. एसीच्या हवेने मीटर गार पडतो, आणि मुंबई, गोवा, चेन्नईच्या दमट हवेत दार उघडलं की त्याच्या काचेवर दव जमतं. काही मीटरांत ते आतूनही जमतं आणि मग आठवडाभर जात नाही. म्हणून मीटरच्या पाठीमागे वाटीसारखं झाकण हवं, म्हणजे हवा कडेने जाईल, मीटरवर आदळणार नाही.

हे झालं दिसणारं काम. मीटर खरं बोलतो की नाही, ते मात्र दुसऱ्या टोकाला, इंजिनपाशी ठरतं.

तापमान घ्यायचे दोन रस्ते आहेत. पहिला ओबीडीचा. स्टिअरिंगखाली जो १६ पिनांचा सॉकेट असतो, त्यातून गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच्या सेन्सरचा आकडा देतो. पाण्याचं तापमान तो एका बाइटमध्ये पाठवतो, आणि त्यातून ४० वजा केले की अंश सेल्सिअस. १३५ आला तर ९५ अंश. काही कापायचं नाही, पाण्याला हात लावायचा नाही. गाडी बीएस ६ असेल तर मी हाच रस्ता सांगेन. फक्त त्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचा पुरवठा कायम असतो, त्यामुळे गाडी बंद केल्यावर मीटर खरोखर झोपतो का, ते तपासा. न झोपणारा मीटर लावून गाडी महिनाभर उभी ठेवली, तर बॅटरी उतरलेली मिळेल.

दुसरा रस्ता जुन्या गाड्यांसाठी: रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या होस पाइपमध्ये अॅडॉप्टर बसवायचा आणि त्यात मीटरबरोबर आलेला सेन्सर घालायचा. सेन्सर त्याच मीटरचा हवा. पाणी तापलं की याचा विद्युत रोध कमी होतो, आणि तो किती कमी होतो यावरून मीटर आकडा काढतो. दुसऱ्या कंपनीचा सेन्सर जोडला तर काटा हलेल, आकडा खोटा असेल.

बसवण्याआधी त्याची परीक्षा घरीच घेता येते. जुन्या भांड्यात पाणी उकळा, शेगडी बंद करून भांडं खाली उतरवा, मीटर १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडा, सेन्सरच्या अंगाला बॅटरीच्या निगेटिव्हची वायर लावा आणि त्याचं टोक पाण्यात बुडवा. समुद्रकाठी पाणी १०० अंशांना उकळतं, पुण्यात किंवा इंदुरात साधारण ९८ ला, बंगळूरला ९७ ला. पाणी पटकन निवतं, म्हणून आकडा लगेच बघा. दोन-तीन अंशांचा फरक चालेल. दहा अंशांचा पडला तर मीटर दुकानदाराला परत करा.

होस पाइप कापण्याआधी इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून १०० च्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण उघडताच उकळून अंगावर येतं. होसचा आतला व्यास मोजून अॅडॉप्टर घ्या. चूळमध्ये टेप बेताने गुंडाळा. अॅडॉप्टर दोन्ही बाजूंनी रबरात असतो, त्यामुळे त्याला इंजिनकडून अर्थ मिळत नाही. एकाच वायरचा सेन्सर असेल तर अॅडॉप्टरला वेगळी अर्थ वायर जोडून ती इंजिनच्या उघड्या धातूवर आवळावी लागते. मीटर वेड्यासारखा उड्या मारतोय अशी तक्रार आली की मी आधी ही वायर बघायला सांगतो. शेवटी पाणी भरताना आतली हवा पूर्ण काढा. सेन्सरभोवती हवेचा बुडबुडा राहिला तर तो पाण्याचं नाही, हवेचं तापमान सांगेल.

वायरिंगबद्दल थोडक्यात. इंजिनकडची वायर केबिनमध्ये आणताना मधल्या पत्र्यातल्या मूळ ग्रोमेटमधूनच आणा. पुरवठा फ्यूज बॉक्समधून घ्या, आणि स्वतःचा छोटा फ्यूज उगमापाशीच बसवा. एअरबॅगच्या फ्यूजवरून पुरवठा घेऊ नका. १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांत शेजारच्या सीटसमोरही एअरबॅग सक्तीची आहे, म्हणजे डॅशबोर्डच्या दोन्ही बाजूंना ती असणार. पिवळे कनेक्टर दिसले की हात मागे. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा. मूळ वायर सोलून जोड देऊ नका. वॉरंटीचा वाद तिथूनच सुरू होतो. आणि सगळ्या वायरी बांधून टाका, कारण सुटी वायर लोंबत लोंबत पॅडलपाशी येते.

ऑइलच्या दाबाचा मीटर लावणाऱ्यांसाठी दोन शब्द. जुन्या पद्धतीच्या मेकॅनिकल मीटरला इंजिनमधलं गरम ऑइल बारीक नळीतून थेट मीटरपर्यंत आणावं लागतं. ती नळी फुटली तर ऑइल तुमच्या पायांवर येईल. एसीच्या जाळीत असा मीटर लावूच नये. इलेक्ट्रिक सेन्सरचा घ्या.

मीटर लागला की पहिला आठवडा नुसतं बघत राहा. सकाळी किती, सिग्नलला उभं असताना किती, पंखा कितीला सुरू होतो, हायवेला किती. ८८ ते ९८, काही गाड्यांत १०५ पर्यंतही, हे नेहमीचं असू शकतं. वरच्या होसमध्ये सेन्सर असेल तर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत आकडा खालीच राहील, मग झपकन चढेल. त्यात बिघाड काही नाही. तुमच्या गाडीचा सगळ्यात मोठा नेहमीचा आकडा कळला, की त्याच्या आठ-दहा अंश वर मीटरचा बझर लावा.

बझर वाजला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा पूर्ण जोरात करा, काचा खाली घ्या. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसलेला छोटा रेडिएटरच. तो इंजिनची थोडी उष्णता तुमच्या अंगावर फेकेल, पण घाटमाथ्यापर्यंत पोचवेल. आकडा तरीही चढत राहिला तर कडेला थांबा. गळती किंवा वाफ दिसत नसेल तर इंजिन चालू ठेवून आकडा उतरतो का ते बघा. दिसत असेल तर लगेच बंद करा.

आणि याच्या उलटं घडलं तर जास्त सावध व्हा. चढावर आकडा चढता चढता अचानक ७० वर आला, आणि हीटर लावलेला असूनही जाळीतून गार हवा यायला लागली, तर इंजिन थंड झालेलं नाही, पाणी संपलं आहे. सेन्सर रिकाम्या पाइपातली हवा मोजतोय. अशा वेळी पुढचं वळणही गाठू नका, तिथेच इंजिन बंद करा.