गोधडीतला इतिहास आणि भिंतीवरची इज्जत

युरोपातले रोमा लोक पाण्याला ‘पानी’ आणि कानाला ‘कान’च म्हणतात. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज हिंदुस्थानातून निघाले. जिथे गेले तिथे त्यांच्या कपाळी ‘चोर’ हा शिक्का बसला. हिटलरच्या काळात तर लाखो रोमा मारले गेले.

2022 साली इटलीतल्या व्हेनिसच्या जगप्रसिद्ध कलाप्रदर्शनात पोलंडचं दालन मालगोझाता मिर्गा-तास या रोमा कलावतीला मिळालं. देशाचं दालन रोमा कलावंताकडे जाण्याची ही पहिलीच वेळ. तिने जुने कपडे, पडदे, चादरी कापून, शिवून 12 भव्य चित्रं केली आणि भिंती झाकून टाकल्या. आत शिरून पाहायच्या अशा कलेला मांडणशिल्प म्हणतात. सतराव्या शतकात एका फ्रेंच चित्रकाराने रोमांना हिणवणारी चित्रं काढली होती. तीच तिने नव्याने शिवली, पण माणसांना मान देऊन. आपल्या घरातली आजीची गोधडी आठवली, की या कामाचं मोल कळतं.

आता आपल्या पालघर जिल्ह्याकडे पाहू. इथल्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाष्णी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. ती भिंत म्हणजेच त्यांचं मांडणशिल्प. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं कागदावर आणली. 1989 मध्ये ती पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात पोहोचली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

याच भागात लग्नासाठी कर्ज काढणारा वारली जोडप्याने सावकाराकडे राबायचा. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. 1945 मध्ये गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी ही वेठ झुगारली. जव्हार-मोखाड्यात आजही बोहाड्याच्या रात्री कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून गावकरी देवदानव होऊन नाचतात. एरवी ज्याला कोणी नावानेही ओळखत नाही, त्याच्यापुढे त्या रात्री सारं गाव हात जोडतं.

पण सोंग उतरलं की पुन्हा वीटभट्टीची वाट. पावसाळा सरला की जव्हार-मोखाड्यातली कित्येक कुटुंबं चूल-भांडी आणि लेकरं घेऊन बाहेर पडतात. खैराचा कात काढणारे म्हणून कातकरी हे नाव पडलं, पण या आदिम जमातीच्या अनेक घरांना आजही स्वतःची जमीन नाही.

आपल्या दिवाणखान्याच्या पडद्यावर वारली नक्षी असते, मुलीच्या पिशवीवरही असते. दारात मोळी घेऊन आलेल्या बाईला मात्र आपण ‘ए बाई’ म्हणून हाक मारतो, पाणी वेगळ्या पेल्यात देतो, आणि दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. आपल्याकडे संशयाने पाहिलं की किती टोचतं, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. मग तीच नजर आपण दुसऱ्याकडे का वळवावी?

पुढच्या वेळी ती दारात आली, की तिला आपल्याच पेल्यात पाणी द्या. आधी तिचं नाव विचारा, आणि मुलांनाही त्याच नावाने हाक मारायला शिकवा.