बोहल्यामागचें मखर

मंगलकार्य ठरलें म्हणजे पूर्वीं दारापुढें मांडव पडे, आणि त्याचा पहिला खांब, म्हणजे मुहूर्तमेढ, जमिनींत खड्डा घेऊन रोवला जाई. या प्रथेमागें धर्मभावना होती, तसा एक साधा व्यवहारही होता. जमिनींत रोवलेला खांब सहसा कोणाच्या अंगावर पडत नाहीं. आज शहरांतील कार्यें सभागृहांत, इमारतीच्या गच्चीवर किंवा घरच्या दिवाणखान्यांत होतात. तेथें पायांखालीं माती नसून फरशी असते, आणि फरशींत खांब रोवतां येत नाहीं. म्हणून वधूवरांच्या आसनांमागें जें मखर उभें करावयाचें, त्याला स्वतःचा आधार स्वतःबरोबरच आणावा लागतो. घरीं मखर करूं पाहणारानें एवढें एक ध्यानांत ठेवलें, तर बाकीचें काम कोणत्याही हौशी कुटुंबाच्या आटोक्यांतलें आहे.

प्रथम मापाचा विचार करूं. दोन खुर्च्या आणि दोहों बाजूंस उभें राहणारें एकेक आप्त एवढ्यांना मागून झांकावयाचें, तर ८ फूट रुंदी पुरते. उंची ७ फूट असावी, म्हणजे उभ्या माणसाच्या डोक्यावरही कांहीं सजावट दिसते. परंतु ८ फुटांची अखंड चौकट जिन्याच्या वळणावरच अडेल. यासाठीं प्रत्येकीं २ फूट ८ इंच रुंदीच्या तीन झडपा कराव्या. त्या दारांतून सहज जातात, आणि शेजारीं शेजारीं ठेवल्या कीं बरोबर ८ फूट भरतात.

सागवान उत्तम खरें, पण या कामाला तें जड आणि महाग पडतें. देवदार किंवा चीड यांचें हलकें, सरळ रेषेचें, पूर्ण वाळलेलें लाकूड घ्यावें. ओलें लाकूड वाळतांना पीळ खातें, आणि मग तिन्ही झडपा एका रेषेंत येत नाहींत. २ इंच रुंद व १ इंच जाड अशा सुमारें १२० फूट रिपा टेकूंसकट सर्व कामाला पुरतात.

प्रत्येक झडपेस दोन उभ्या रिपा आणि वर, मध्यें व खालीं अशा तीन आडव्या रिपा लागतात. जेथें दोन रिपा मिळतात, तेथें प्रत्येकीची अर्धी जाडी, म्हणजे चार सूत, कापून काढावी आणि एक दुसरींत बसवावी. सांध्याला सरस लावून दोन स्क्रू पिळावे. नुसत्या खिळ्यांवर भरंवसा ठेवूं नये. चौकट चारदां हलविली कीं खिळे सैल होतात. सरस वाळण्यापूर्वीं चौकट काटकोनांत आहे कीं नाहीं हें पाहणें अगत्याचें. सुताराचा गुण्या घरांत नसला तरी अडत नाहीं. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील दोन्ही तिरपीं अंतरें दोरीनें मापावीं. तीं सारखीं भरलीं तर चौकट बरोबर आहे. आपल्या मापाच्या झडपेंत हें अंतर ७ फूट ६ इंचांस एक सूत कमी इतकें येतें.

एवढ्यानें चौकट दिसावयास चौकोनी झाली, पण घट्ट झाली नाहीं. चार काड्यांचा चौकोन कोपऱ्यांत कितीही नीट जोडला, तरी बाजूनें ढकलतांच तो कलंडून तिरपा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र काडी मोडल्याशिवाय आपला आकार सोडीत नाहीं. म्हणून झडपेच्या वरच्या व खालच्या भागांत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकेक तिरपी रीप ठोकावी. कापडामागें ती कोणाला दिसत नाहीं, परंतु सगळा भार तीच सांभाळते.

झडपा एकमेकींस बिजागऱ्यांनीं जोडाव्या. कांब काढतां येईल अशा बिजागऱ्या मिळाल्या तर झडपा सुट्या करून नेतां येतात.

आतां मुख्य प्रश्न उभें राहण्याचा. कापड लावलेलें मखर म्हणजे एक शीडच होय. ८ फूट गुणिलें ७ फूट, म्हणजे ५६ चौरस फुटांच्या या शिडावर ताशीं ३० किलोमीटर वेगाचा वारा आला, तर सुमारें २५ किलो वजनाइतकी ढकल बसते. गच्चीवर असा वारा मुळींच दुर्मिळ नाहीं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ढकल चौपट होते. मखराचें स्वतःचें वजन उणेंपुरें वीस किलो. तें या ढकलीपुढें टिकणार नाहीं.

यासाठीं मधल्या झडपेच्या दोन्ही कडांस मागून एकेक त्रिकोणी टेकू बोल्टनें जोडावा. त्याचा जमिनीवरील पाय साडेतीन फूट मागें जावा. मखर मागें पडूं लागलें तर हा पाय तें अडवितो. पण मागून वारा आला आणि मखर पुढें, वधूवरांच्या अंगावर झुकूं लागलें, तर नुसता पाय उपयोगी नाहीं. तो उचलला जातो. त्याच्या शेवटावर वजनच हवें. वाऱ्याची ढकल मखराच्या मध्यावर, म्हणजे साडेतीन फूट उंचीवर बसते, आणि वजनही साडेतीन फूट मागें असतें. दोन्ही अंतरें सारखीं, म्हणून २५ किलोच्या ढकलीस निदान २५ किलोचें वजन पाहिजे. प्रत्यक्षांत प्रत्येक पायाच्या शेवटावर वीस किलो वाळूची एकेक पिशवी पक्की बांधावी, म्हणजे दीडपटीहून अधिक आधार राहतो. उघड्या गच्चीवर मखराचा माथा दोराने खांबासही बांधावा, आणि वारा वाढूं लागल्यास संकोच न करतां कापड उतरवावें.

सजावटीसाठीं महाराष्ट्रांत थर्मोकोलच्या वापरास २०१८ सालीं बंदी झाली, आणि कापडाचें महत्त्व पुन्हां वाढलें. तिन्ही झडपांना मिळून २७ फूट, म्हणजे नऊ वार कापड लागतें. ७ फूट समोर दिसावयास आणि एकेक फूट वरखालीं दुमडावयास, असा हा हिशेब आहे. मांजरपाट रंगवून घेतला तरी शोभतो. घरांतील जुनें जरीचें लुगडें लावावयाचें असल्यास त्यास खिळा मारूं नये. तें वरच्या रिपेवरून सैल सोडावें. नायलॉनसारखें कापड पेट घेतांच वितळून अंगास चिकटतें, म्हणून सुतीच बरें. परंतु सुती कापडही पेटतें. समई, निरांजन आणि होम मखरापासून तीन फुटांच्या आंत नसावे. दिव्यांच्या माळेची तार खिळ्याखालीं दाबूं नये. वाळूची एक बादली मखराच्या आड असावी.

झेंडूच्या माळा पाण्यानें भिजल्या म्हणजे पुष्कळ जड होतात. त्या उंचावर एकाच बाजूस न टांगतां दोहोंकडे सारख्या वाटाव्या.

पाहुणे येण्यापूर्वीं घरांतील एका धट्ट्याकट्ट्या माणसानें मखराच्या मागें उभें राहून छातीच्या उंचीवर तें पुढें ढकलून पाहावें. समोर त्या वेळीं कोणी नसावें. तें जागचें हललें नाहीं, तरच पुढें खुर्च्या मांडाव्या. मखरासमोर वधूवरच बसतात असें नाहीं. कार्यांत मुलें त्याच्या भोंवतीं लपंडाव खेळतात, आणि थकलेली आजी हटकून त्यालाच टेकते.

कार्य आटोपल्यावर बोल्ट काढावे, झडपा पुसून भिंतीशीं सरळ उभ्या कराव्या आणि ओल लागूं देऊं नये. मग कापड तेवढें बदललें कीं तेंच मखर मुंजीला, डोहाळजेवणाला आणि बारशाला उभें राहतें, आणि शेजाऱ्यांनीं मागितलें तर त्यांच्याही घरीं जातें. मात्र देतांना झडपांबरोबर दोन्ही टेकू आणि वाळूच्या पिशव्याही मोजून द्याव्या.