विश्लेषण : फुटबॉल क्लब कोवळ्या खेळाडूंवर कोट्यवधी का ओततात?

पोर्तुगालच्या बेन्फिका क्लबने २०१९ मध्ये जोआव फेलिक्स या १९ वर्षांच्या खेळाडूला १२ कोटी ६० लाख युरोंना अ‍ॅटलेटिको माद्रिदला विकले. वरिष्ठ संघातून तो जेमतेम एक हंगाम खेळला होता. युरोपातील बडे क्लब आठ-नऊ वर्षांच्या मुलांपासून गुणवत्तेचा शोध सुरू करतात आणि अकादमीवर दरवर्षी मोठा खर्च करतात. यामागचा हिशेब नेमका काय?

साधे गणित काय?

तयार खेळाडू विकत घेणे महाग असते, घडवणे त्या मानाने स्वस्त. ब्रायटनने मोइसेस कायसेदोला २०२१ मध्ये इक्वेडोरमधून ५० लाख पौंडांहून कमी रकमेत आणले. दोन वर्षांनी चेल्सीने त्याच्यासाठी १० कोटी पौंड मोजले आणि अटींनुसार आणखी दीड कोटीची तयारी दाखवली. बेन्फिका, आयाक्स यांसारख्या क्लबांना इंग्लिश क्लबांइतका प्रक्षेपणाचा पैसा मिळत नाही. खेळाडू घडवून विकणे हाच त्यांच्या अर्थकारणाचा कणा आहे.

ताळेबंदात ‘घरच्या’ खेळाडूचे मोल जास्त का?

समजा, एखादा खेळाडू पाच कोटी युरोंना पाच वर्षांच्या करारावर घेतला. ही रक्कम एकाच वर्षी खर्च म्हणून न दाखवता दरवर्षी एक कोटी याप्रमाणे विभागली जाते. दोन वर्षांनी तो पाच कोटींनाच विकला, तर पुस्तकी किंमत तीन कोटी उरलेली असल्याने नफा दोन कोटींचा दिसतो. अकादमीत घडलेल्या खेळाडूची पुस्तकी किंमत मात्र शून्य असते. तो पाच कोटींना विकला, तर सगळेच्या सगळे पाच कोटी त्या वर्षीचा नफा ठरतात.

प्रीमियर लीगमध्ये तीन वर्षांत कमाल १० कोटी ५० लाख पौंड तोट्याच्या मर्यादेवर क्लबांना तपासले जात आले आहे. त्या हिशेबातून अकादमीवरचा खर्च वगळला जातो. म्हणजे खर्च मोजला जात नाही, उत्पन्न मात्र पूर्ण मोजले जाते. सहाव्या वर्षापासून चेल्सीत वाढलेला मेसन माउंट २०२३ मध्ये मँचेस्टर युनायटेडला सुमारे साडेपाच कोटी पौंडांना विकला गेला, तेव्हा या गणिताची मोठी चर्चा झाली. नियम पाळण्यासाठी क्लब आपल्याच मुलांना विकतात, हा चाहत्यांचा राग त्यातूनच आला.

संघनिवडीचे नियमही कारणीभूत आहेत?

हो. ‘यूएफा’च्या स्पर्धांत २५ जणांच्या यादीत आठ जागा स्थानिक पातळीवर घडलेल्या खेळाडूंसाठी असतात. त्यांपैकी किमान चार जण १५ ते २१ या वयात तीन वर्षे त्याच क्लबमध्ये घडलेले असावे लागतात. असे खेळाडू नसतील तर त्या जागा रिकाम्या राहतात आणि संघ तेवढा लहान होतो. आर्थिक चणचणीच्या काळात बार्सिलोनाला तारणारा लामिन यमाल ‘ला मासिया’ अकादमीतलाच. एप्रिल २०२३ मध्ये १५ व्या वर्षी त्याने पदार्पण केले.

लहान क्लबांच्या पदरात काय पडते?

‘फिफा’च्या नियमानुसार आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाच्या रकमेतील पाच टक्के वाटा खेळाडूला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. १२ ते १५ वयाच्या प्रत्येक हंगामासाठी पाव टक्का, तर पुढच्या प्रत्येक हंगामासाठी अर्धा टक्का. १० कोटी युरोंच्या व्यवहारात पहिले चार हंगाम खेळाडूला सांभाळणाऱ्या गल्लीतल्या क्लबला १० लाख युरो मिळू शकतात. अँथनी मार्शियल २०१५ मध्ये मोनॅकोहून मँचेस्टरला गेला, तेव्हा पॅरिसजवळच्या लेझ्युलिस या हौशी क्लबला असाच वाटा मिळाला.

दुसरा मार्ग पुढच्या विक्रीत हिस्सा राखून ठेवण्याचा. आयाक्सने फ्रेंकी डी याँगला २०१५ मध्ये विलेम टू क्लबकडून नाममात्र एक युरोत घेतले, पण भावी विक्रीतला वाटा देऊन. २०१९ मध्ये बार्सिलोनाने त्याच्यासाठी साडेसात कोटी युरो मोजले, तेव्हा विलेम टूचेही भले झाले.

अल्पवयीन खेळाडू परदेशातून आणता येतात?

सहसा नाही. १८ वर्षांखालील आंतरराष्ट्रीय हस्तांतरणावर ‘फिफा’ची बंदी असून मोजकेच अपवाद आहेत. युरोपीय संघातील देशांत १६ वर्षांवरील मुलांना मुभा आहे. ब्रेक्झिटनंतर इंग्लिश क्लबांनी ती गमावली. त्यामुळे देशातलीच मुले लवकर हेरण्याची चढाओढ वाढली. रेआल माद्रिदने व्हिनिसियस ज्युनियरचा व्यवहार तो १६ वर्षांचा असताना ठरवला, पण त्याला १८ पूर्ण झाल्यावरच स्पेनला आणता आले. नियमभंगाबद्दल बार्सिलोना आणि चेल्सी या दोघांवरही खेळाडू नोंदणीबंदीची कारवाई झाली होती.

बाकीच्या मुलांचे काय?

अकादमीत दाखल झालेल्या मुलांपैकी वरिष्ठ संघापर्यंत फारच थोडे पोहोचतात. एक-दोन मुले विकली गेली तरी क्लबचा खर्च वसूल होतो. मुलाकडे मात्र एकच कारकीर्द असते. सोळाव्या किंवा अठराव्या वर्षी करार नाकारला गेला, की लहानपणापासूनची ओळखच पुसल्यासारखी होते. शिक्षण मागे पडलेले असेल, तर धक्का दुहेरी. म्हणूनच इंग्लंडमध्ये अकादमीसोबत शिक्षणाची सोय बंधनकारक आहे. सोडून दिलेल्या खेळाडूंना पुढची काही वर्षे आधार देणारी योजना क्रिस्टल पॅलेसने आखली. मात्र असा आधार सर्वत्र मिळतोच असे नाही. मुलाला अकादमीत घालताना पालकांनी प्रशिक्षकाच्या नावाइतकीच चौकशी याचीही करायला हवी : निवड झाली नाही, तर क्लब पुढे काय करतो?