क्लिनिकमध्ये स्वाइप मशीन ठेवायचं का?

एका श्रोत्या मैत्रिणीचा प्रश्न आलाय. नवीन डेंटल क्लिनिक, दोन खुर्च्या, भिंतीवर क्यूआर कोड. तिने विचारलंय, "क्रेडिट कार्डाची भानगड मागे लावून घेऊ का?"

आधी हिशेब बघू. तपासणी फी तीनशे रुपये असेल, तर यूपीआय पुरेसं आहे. १ जानेवारी २०२० पासून साध्या यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून शुल्क घेतलं जात नाही. क्लिनिकही त्यातच आलं. प्रश्न येतो मोठ्या बिलाचा. रूट कॅनल आणि कॅप मिळून समजा आठ हजार झाले. महिन्याची २६ तारीख, पेशंटचा गाल सुजलेला, खात्यात पैसे नाहीत. पण खिशात क्रेडिट कार्ड आहे. तुम्ही "कार्ड चालत नाही" म्हणालात, की तो पेनकिलर घेऊन घरी जातो. दुखणं तसंच राहतं.

आता तुमची बाजू. क्रेडिट कार्डावर बँक जे कापून घेते त्याला एमडीआर म्हणतात. समजा तुमचा दर २ टक्के ठरला. आठ हजारांवर १६० रुपये, त्या १६० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे २८ रुपये ८० पैसे. खात्यात जमा होतात ७,८११ रुपये २० पैसे. गंमत बघा, दुकानदार हा जीएसटी आपल्या करातून वळता करून घेऊ शकतो. डॉक्टरला ते जमत नाही, कारण उपचारांवर मुळात जीएसटीच नाही. म्हणजे ते २८ रुपये गेलेच!

डेबिट कार्डाच्या दराला रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातली आहे. क्रेडिटला तशी नाही, म्हणून दोन-तीन बँकांकडे विचारा, घासाघीस करा. मशीनचं मासिक भाडंही त्यात धरा.

मग ते दोन टक्के पेशंटकडून वेगळे घ्यायचे का? नको. डेबिट कार्डाबाबत रिझर्व्ह बँकेने तसं करायला मनाई केली आहे. क्रेडिटबाबत बँकेशी झालेला करार वाचा, तिथेही साधारण हीच अट असते. हा खर्च भाडं, वीज यांच्यासारखाच धरून फी ठरवा.

मशीन नको असेल, तर मधला मार्गही आहे. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. पेशंट तुमचाच क्यूआर स्कॅन करून त्या कार्डावरून पैसे देऊ शकतो. फक्त मोठ्या रकमेला शुल्क किती, ते आधी विचारून ठेवा.

रिसेप्शनवर बसणाऱ्या ताईंना तीन गोष्टी सांगून ठेवा. कार्ड पेशंटच्या नजरेसमोरच राहील. कार्डाचा फोटो किंवा नंबर वहीत, व्हॉट्सअॅपवर ठेवायचा नाही. आणि स्लिप केसपेपरला जोडायची, उद्या पेशंटने बँकेत तक्रार केली तर तोच पुरावा.

शेवटी एक. कार्ड म्हणजे उधारीच. बिल वेळेत पूर्ण भरलं नाही, तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागू शकतं. त्यामुळे उपचार टप्प्याटप्प्याने होणार असतील, तर पैसेही टप्प्याटप्प्याने घ्या. पेशंटला आधी कागदावर एकूण खर्च दाखवा, मग मशीन पुढे करा.

क्लिनिक उघडणारं कुणी ओळखीचं असेल, तर हा भाग त्यांना नक्की पाठवा.