पाण्यावरचे ऊन कसे रंगवतात?

सोलापूरकराला ऊन कुणी समजावून सांगावे लागत नाही. समुद्र मात्र इथून सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरहून दूर. तरीही सागरचित्रांतला सूर्यप्रकाश समजून घ्यायचा असेल, तर कोकणची गाडी पकडायची गरज नाही. किल्ल्याला लागून असलेला सिद्धेश्वर तलाव पुरेसा आहे. लाट लहान असो की मोठी, उन्हाला पाण्याचे नियम तेच लागू होतात.

दुपारी नव्हे, संध्याकाळी का?

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. ऊन डोळ्यांत खुपते, पण पाणी मात्र निस्तेज, हिरवट, गढूळ दिसते. सरळ वरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम 2 टक्के पाणी परत फेकते, बाकीचा आत शिरतो. सूर्य क्षितिजापासून 10 अंशांवर उतरला की हेच प्रमाण 35 टक्क्यांच्या आसपास जाते. आपल्याकडे ही वेळ म्हणजे मावळतीच्या आधीचा साधारण पाऊण तास. सागरचित्रांत सकाळ-संध्याकाळच अधिक का दिसते, याचे एक कारण हे. कोकण किनाऱ्यासमोर सूर्य समुद्रात बुडतो, म्हणून तिथल्या चित्रकाराच्या वाट्याला पाण्यावरची संध्याकाळ येते.

सोनेरी पट्टा कसा तयार होतो?

पाणी अगदी निवांत असेल तर सूर्याचे एकच गोल प्रतिबिंब पडते. वाऱ्याने तरंग उठले की प्रत्येक तरंगाची तिरकी बाजू छोटा आरसा होते. ज्या आरशांचा कल नेमका जुळतो, तेवढेच आपल्या डोळ्यांकडे ऊन पाठवतात. असे असंख्य ठिपके मिळून सूर्याखालून आपल्या पायांपर्यंत पट्टा तयार होतो. वारा वाढला की तो रुंदावतो. काठाने चालत गेलात तर पट्टाही सोबत येतो, कारण प्रत्येक जागेवरून जुळणारे आरसे वेगळे असतात. नवखा विद्यार्थी हा पट्टा तिरपा, एखाद्या वाटेसारखा वळवून काढतो. तो मात्र सूर्याच्या खाली उभाच हवा.

सूर्याइतका पांढरा रंग मिळत नाही

खरी अडचण पुढेच आहे. कागदावरचा सर्वांत उजळ पांढरा रंग सर्वांत गडद काळ्यापेक्षा साधारण 25-30 पट उजळ असतो. सूर्य तर उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या कागदापेक्षाही हजारो पट तेजस्वी. तेव्हा सूर्य जसाच्या तसा उतरवणे अशक्यच. चित्रकार सूर्य उजळ करत नाही, भोवतालचे सगळे खाली उतरवतो. आकाश, डोंगर, नावा, पाणी हे सारे एकेक पायरी गडद झाले की राखून ठेवलेला चिमूटभर पांढरा आपोआप पेटतो.

याचे मराठी उदाहरण समुद्राचे नाही, दिव्याचे आहे. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांनी 1945-46 च्या सुमारास ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातले चित्र काढले. ते म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हातात दिवा घेतलेली स्त्री दुसऱ्या हाताने ज्योत झाकते. ज्योत थेट दिसत नाही, पण बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड आणि भोवतीचा अंधार मिळून दिवा तेवता ठेवतात.

चार युक्त्या, चार चित्रे

फ्रेंच चित्रकार क्लोद लोरँ यांनी बंदराच्या चित्रात सूर्यच समोर आणून ठेवला. लंडनच्या नॅशनल गॅलरीतले 1648 चे ‘शेबाच्या राणीचे प्रस्थान’ पाहा. दोन्ही बाजूंच्या इमारती सावलीत ठेवल्याने मधला उजेड नजरेला आत ओढतो.

त्याच संग्रहात टर्नर यांचे 1839 मध्ये प्रदर्शित झालेले ‘फायटिंग टेमेरेअर’ आहे. मोडीत निघालेले जुने लढाऊ जहाज ओढून नेले जात आहे आणि दुसऱ्या बाजूला सूर्य मावळतो आहे. इथे तांबडा-पिवळा जाड रंगच प्रकाशाचे काम करतो आणि जहाजाचा निरोपही सांगतो.

आयवाझोव्स्की यांच्या 1850 च्या ‘नववी लाट’मध्ये सूर्य पाण्याआडून येतो, म्हणून लाटेचा माथा हिरव्या काचेसारखा उजळतो. हळदणकरांच्या बोटांतून झिरपणारा उजेडच हा, फक्त पाण्यातून आलेला. लाट क्षणभर थांबत नसल्याने आयवाझोव्स्की समुद्र आठवणीतून, चित्रशाळेत बसून रंगवत.

मोने यांच्या 1872 च्या ‘इम्प्रेशन, सनराइज’मधला नारिंगी सूर्य सर्वांत चकवणारा आहे. मोबाइलवर त्या चित्राचा फोटो कृष्णधवल करून पाहा. सूर्य जवळजवळ नाहीसा होतो, कारण तो आसपासच्या करड्या आकाशाइतकाच उजळ रंगवला आहे. फरक आहे तो फक्त रंगाचा: थंड निळसर करड्यात एकच उबदार ठिपका.

तळ्यावर शिकलेला चित्रकार

हे सगळे समुद्राकाठीच साधते असे नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (निधन 1931) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार झाले आणि कोटितीर्थ तलावासारख्या घरच्या पाण्यावरचे बदलते ऊन रंगवत राहिले. त्याच त्या काठावर वेगवेगळ्या प्रहरी बसणे ही त्यांची शाळा होती.

सिद्धेश्वर तलावाकाठी करून पाहण्यासारखे

मावळतीच्या तासभर आधी पाणी तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये येईल अशी जागा धरा. सूर्याकडे थेट टक लावू नका, पाण्याकडे पाहा.

- खरखरीत जलरंगाचा कागद घ्या. पट्ट्याची जागा कोरी राखा, पांढरा रंग नंतर लावायचा विचार सोडा.
- आकाश आणि दूरचे पाणी एकाच ओल्या वॉशमध्ये हलके घ्या.
- पट्ट्याच्या कडांवरून जवळजवळ कोरडा ब्रश झटकन आडवा ओढा. कागदाच्या खळग्यांत पांढरे ठिपके सुटतात, तीच चमचम.
- किल्ल्याच्या गडद भिंतीचे प्रतिबिंब भिंतीपेक्षा किंचित उजळ ठेवा. उजळ वस्तूंचे उलट, त्यांचे प्रतिबिंब थोडे मंद असते.
- सर्वांत गडद रंग शेवटी, काठावरच्या दगडांना आणि माणसांना द्या.

तो शेवटचा गडद फटकारा बसेपर्यंत चित्र फिकट आणि फसलेलेच वाटते. तो बसला की मधला कोरा कागद ऊन होतो. कागदाला तेवढ्या जागी तुम्ही हातही लावलेला नसतो.