67 वर्षांचे ड्यूकपद: कर्जाचा आणि वारसाचा हिशेब

1822 मध्ये निर्माण झालेले ‘ड्यूक ऑफ बकिंगहॅम अँड शँडॉस’ हे पद 1889 मध्ये संपले. 67 वर्षांत तीन ड्यूक झाले: पहिला 17 वर्षे, दुसरा 22, तिसरा 28. या अंताचे खापर सहसा कर्जावर फोडले जाते. आकडे मात्र वेगळे कारण दाखवतात.

कर्ज खरे होते. दुसऱ्या ड्यूकने उधारीवर जमिनी घेतल्या. त्यांचे उत्पन्न व्याजालाही पुरेना. जानेवारी 1845 मध्ये राणी व्हिक्टोरिया बकिंगहॅमशायरमधील स्टो या वाड्यात पाहुणी होती. 1847 मध्ये तिथेच जप्ती आली. देणे 10 लाख पौंडांच्या वर होते. 1848 मध्ये वाड्यातील चीजवस्तूंचा लिलाव 40 दिवस चालला आणि 75,562 पौंड मिळाले, म्हणजे देण्याच्या 8 टक्क्यांहूनही कमी. बाकीचा भार जमिनींच्या विक्रीवर पडला.

तरीही पद आणखी 41 वर्षे टिकले, कारण कर्जामुळे मालमत्ता जाते, सनद जात नाही. तिसरा ड्यूक 1853 ते 1861 लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा अध्यक्ष होता आणि 1875 ते 1880 मद्रासचा गव्हर्नर. त्याच काळात दख्खनसह दक्षिण भारतात 1876-78 चा दुष्काळ पडला. दुष्काळी कामातून चेन्नईत अड्यार आणि कूवम नद्यांना जोडणारा सुमारे 8 किलोमीटरचा कालवा खोदला गेला. बकिंगहॅम कालवा हे नाव याच ड्यूकचे.

त्याला मुली 3, मुलगे 0. सनदेनुसार ड्यूकपद फक्त पुरुष वारसाला मिळू शकत होते. घराण्याच्या कुलचिन्हात 719 चौकटी होत्या. त्यातली बरीच चिन्हे वारसदार स्त्रियांशी झालेल्या विवाहांतून आलेली. स्त्रियांमार्फत मान जमवणाऱ्या या घराण्याचे सर्वोच्च पद मुलीला मिळणार नव्हते.

26 मार्च 1889 रोजी ड्यूक वारला आणि ड्यूकपद संपले. उरलेल्या पदांपैकी 3 पदे 3 दिशांना गेली. अर्ल टेंपल ऑफ स्टो हे पद विशेष तरतुदीमुळे बहिणीच्या मुलाकडे गेले, व्हायकाउंट कोबम दूरच्या लिटल्टन घराण्याकडे, तर स्त्रियांना वारसा देणारे स्कॉटलंडचे किनलॉस हे पद थोरल्या मुलीकडे. स्टोचा वाडाही मुलीच्याच शाखेत आणखी 32 वर्षे, 1921 च्या विक्रीपर्यंत राहिला. वारस नव्हते असे म्हणता येत नाही. वारस 3 होत्या, सनदेने त्यांना मोजले नाही.