पीटीच्या तासाला खेळ कोण निवडतं?

पीटीच्या तासात तुमचं मूल प्रत्यक्ष किती वेळ पळतं, हे त्याला कधी विचारलंत का? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या सूचनांनुसार 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल करायला हवी. शाळेत त्यातली बरीच मिनिटं रांगेत उभं राहण्यात जातात. डॉजबॉलमध्ये तर जे मूल आधी बाद होतं, बहुधा त्यालाच हालचालीची जास्त गरज असते.

म्हणून निवड मुलांकडे द्यावी. शिक्षकांनी लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या असे तीन-चार पर्याय ठेवावेत. वॉर्मअप आज कोण घेणार, बाद झालेल्याला पुन्हा आत कसं घ्यायचं, हे मुलांनी ठरवावं. स्वतः निवडलेला खेळ मुलं मनापासून खेळतात. मात्र ‘जा, काय हवं ते खेळा’ ही निवड नव्हे. अशा वेळी मैदान चार दांडग्या मुलांचं होतं, बाकीची कट्ट्यावर बसतात.

मुलाला दमा असेल तर शिक्षकांना आधीच सांगा, इन्हेलर जवळ असू द्या. वेग कमी करायचा की थांबायचं, हे त्यालाच ठरवू द्या. खेळताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर मात्र खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवा.